दुसऱ्या ऑर्डरपर्यंत

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चौदा किलोमीटरवर चितेगाव येतं. हे अंतर एका कंपनीच्या पत्त्यातच होतं. ‘14 कि.मी. दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, चितेगाव’ हा व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचा नोंदणीकृत पत्ता. 1982 मध्ये, दिल्ली एशियाडच्या वर्षी, देशात रंगीत प्रसारण सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांतच ऊस-कापसाच्या व्यवसायातून आलेल्या नंदलाल धूत यांच्या घराण्याने जपानच्या तोशिबाशी तांत्रिक करार करून रंगीत टीव्ही बनवायला घेतले. रंगीत टीव्ही विकला जाईल हे त्या काळात पुष्कळांना सुचलं असेल. मराठवाड्यात बसून तो हजारोंनी तयार करून देशभरच्या दुकानांत पोचवणं फार थोड्यांना जमलं. पुढे जून 2018 मध्ये याच कंपनीवर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. समूहातल्या 13 कंपन्या एकत्र धरल्यावर धनकोंचे मान्य दावे 64 हजार कोटी रुपयांच्या वर गेले. 2021 मध्ये मंजूर झालेली बोली 2,962 कोटींची होती, आणि अपील न्यायाधिकरणाने तीही जानेवारी 2022 मध्ये रद्द केली.

डोक्यातली कल्पना तडीस नेणं म्हणजे काय, हा प्रश्न विचारायला मला चितेगाव योग्य वाटतं. एका मोठ्या कल्पनेचं पूर्ण होणं आणि पुढे तिची वाताहत होणं, दोन्ही या गावाने पाहिलं आहे. प्रश्नाच्या दोन बाजू मांडायला मी दोन माणसं उभी करतो. मामा आणि भाची. दोघं कल्पित आहेत, पण पैठण रस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडांत फिरलेल्या कुणालाही ती अनोळखी वाटणार नाहीत. मामांची उमर वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममध्ये गेली. आता चितेगावात त्यांची स्वतःची शेड आहे: दोन लेथ, एक प्रेस, वेल्डिंगचा सेट, आणि वाळूजच्या व्हेंडरकडून येणारं जॉबवर्क. भाची मेकॅनिकलची पदविका घेऊन आलेली. तिच्या वहीत कल्पनांची रांग आहे. त्यातली एक, मोसंबीची प्रतवारी करणारं छोटं मशीन, तिने शेडमध्येच उभं केलं. नाथषष्ठी होऊन गेली आहे, आणि ते मशीन कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. भाचीला आता पऱ्हाट्यांचा भुगा करणारं यंत्र करायचं आहे.

मामा : आधी कोपऱ्यातलं ते बाहेर काढ. मग पऱ्हाट्यांचं बोल.

भाची : मामा, ते झालंय. मोसंबी टाकली, लहान, मध्यम, मोठी, तिन्ही आपापल्या खणात पडली. तुमच्यासमोर चालवून दाखवलं की.

मामा : तू चालवलंस म्हणून चाललं. एकेक मोसंबी हाताने सोडत होतीस. शेतातला गडी अख्खं कॅरेट उलटं करणार. मग काय होतं ते बघितलंस का?

मशीनची रचना साधी आहे. दोन लांब रोलर फिरत असतात. त्यांच्यातली फट सुरुवातीला अरुंद आणि पुढे रुंद होत जाते. लहान फळ आधी खाली पडतं, मोठं शेवटी. तत्त्व जुनं आणि खात्रीचं. अडचणी तत्त्वाच्या बाहेर आहेत. कॅरेट एकदम ओतलं की फळं एकावर एक चढतात आणि तोंडाशी अडतात. देठ राहिलेलं फळ फटीत फसतं. लोखंडी रोलरवर साल घासली की डाग पडतो, आणि डाग पडलेल्या मोसंबीला व्यापारी खालच्या प्रतीत ढकलतो. म्हणजे प्रत वाढवायला आणलेलं मशीनच प्रत घालवतं. रोलरवर रबराचं आवरण, वर उताराचा हॉपर, फळं एकेरी सोडणारी एखादी फळी: उपाय ठाऊक आहेत, पण प्रत्येकासाठी पुन्हा कापायचं, जोडायचं, खोलायचं. भाचीची वही याच जागी पऱ्हाट्यांकडे वळली.

भाची : हे सगळं करण्यात आणखी एक हंगाम जाणार. आणि एवढं करून कुणी घेतलंच नाही तर? मामा, जग आता असं चालत नाही. एक कल्पना धरून म्हातारं व्हायचं नसतं. दहा करून बघायच्या, एखादी लागते.

मामा : दहा करून बघ, मी कुठं नाही म्हणतोय. पण तू करून बघायलीस कुठं? तू सुरू करून बघायलीस. वाळूजला आपण पहिला नग पास करून आणतो तेव्हा कंपनी काय करते? ऑर्डर देते का?

भाची : ट्रायल लॉट मागते.

मामा : सलग तीनशे नग मागते. त्याच डायवर, त्याच माणसाच्या हातून, रोजच्या वेगाने. त्यातले कुठलेही उचलून मोजते. पहिला नग कुणीही चांगला करतो गं, त्याच्यावर अख्खी टूलरूम वाकलेली असते.

मामा सांगतात ती वाहन उद्योगाची रोजची रीत आहे. पीपीएपी म्हणून ती ओळखली जाते आणि वाळूज, चिकलठाण्यातल्या कुठल्याही सुटे भाग करणाऱ्याला ती पाठ असते. ती पाळणाऱ्याला कळतं की नमुना आणि उत्पादन यांच्यात किती अंतर आहे. मला वाटतं, आपल्याकडे कल्पना मरतात त्या बहुतेक याच अंतरात. सुचण्याच्या वेळी आनंद असतो, पहिला नमुना फिरला की टाळ्या मिळतात. त्यानंतरचे महिने देठ, रबर आणि हॉपरचे. त्या महिन्यांत कौतुक करायला कुणी येत नाही, आणि नेमकी तेव्हाच नवी कल्पना फार देखणी दिसू लागते.

भाची मात्र एवढ्यावर ऐकणारी नाही. तिचा पुढचा मुद्दा सरळ रस्त्यापलीकडे बोट दाखवतो.

भाची : चितेगावनेच मला एक गोष्ट शिकवली आहे. धरून बसणारेही बुडतात. 2005 मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन, इतक्या ठिकाणचे कारखाने. काचेच्या जाड ट्यूबचा टीव्ही हेच आपलं काम, म्हणून त्यात आणखी खोल गेले. तेव्हा सपाट पडद्याचे टीव्ही दारात उभे होते. सोडायला हवं होतं तेव्हा त्यांनी वाढवलं.

मामा : आणि मी म्हणतो, लई दारं उघडली. टीव्ही होता, फ्रिज होता, तेवढ्यात तेल आलं, मोबाइल आला, डीटीएच आलं. एकाला हात लावायचा, ते उभं राहायच्या आत दुसरं.

भाची : तेलात तर त्यांना पैसा मिळाला. मोझांबिकच्या वायुक्षेत्रातला 10 टक्के वाटा त्यांनी ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाला विकला, 247.5 कोटी डॉलरला. तुमच्या हिशेबाने तो नसता उद्योग होता. आणि मोबाइलचा परवाना त्यांनी अर्धवट टाकला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये 122 परवाने एकदम रद्द केले, त्यात यांचेही गेले.

मामा : मग एवढे डॉलर आले तरी कर्ज का फिटलं नाही?

या प्रश्नाला भाचीजवळ उत्तर नाही, आणि एका वाक्याचं उत्तर माझ्याजवळही नाही. पण मामांनी नेमकी जागा दाबली आहे. एका उद्योगातून दुसऱ्यात जाणं हा दोष मानता येत नाही. तसं असतं तर ऊस-कापसातलं घर टीव्हीकडे आलंच नसतं आणि चितेगावात कारखाना झाला नसता. दोष तिथे सुरू होतो जिथे उसन्या पैशावर इतकी कामं एकाच वेळी उघडी राहतात की एकाचा खड्डा भरायला दुसऱ्याची कमाई जाते. टीव्हीचं काम सुरू झालं तेव्हा तंत्र ठरलेलं होतं, माल ठरलेला होता, गिऱ्हाईक वाट पाहत होतं. नंतरच्या कामांत यातलं काही ना काही कायम अधांतरी राहिलं. मोठ्या समूहाचं हे गणित मामांच्या शेडला जसंच्या तसं लागू पडतं: शेडमध्ये जागा एका मशीनची, वेल्डर एक, आणि मामांच्या जॉबवर्कमधून सुटणारा पैसा एकच.

भाची : बरं, मी पऱ्हाट्या बाजूला ठेवते. पण मला सांगा, संपवू कशासाठी? कुणासाठी?

मामा : हा प्रश्न तू मशीन करायच्या आधी विचारायला पाहिजे होतास. गिऱ्हाईक कोण?

भाची : मोसंबीवाला शेतकरी.

मामा : नाव सांग.

भाची : नाव कसं सांगू? पैठण तालुक्यात इतके बागवाले आहेत...

मामा : तेच म्हणतोय. ‘इतके’ कुणी मशीन घेत नसतात. एक माणूस घेतो. चार एकर बागवाल्याचा माल किती दिवस चालतो? बाकीचं वर्ष ते मशीन त्याच्या गोठ्यात पडून राहणार. तो कशाला पैसे घालील?

भाची गप्प होते. माझ्या मते या सगळ्या बोलण्यातली ही सगळ्यात कामाची जागा आहे. आतापर्यंत तिचं मशीन शेतकऱ्यासाठी होतं, कारण तिला शेतकऱ्याचं भलं करायचं होतं. व्यापारी ढिगावर नजर टाकून भाव फोडतो, प्रतवारी केलेला माल हातात असला तर शेतकऱ्याला बोलता येईल, हा तिचा मूळ विचार खराच आहे. पण भलं कुणाचं करायचं आणि मशीन विकायचं कुणाला, या दोन गोष्टी तिने एक धरल्या होत्या. शंभर-दोनशे बागांचा माल एकत्र आणणारी शेतकरी उत्पादक कंपनी हे मशीन पूर्ण हंगामभर चालवू शकते. पाचोडसारख्या मोसंबीच्या बाजारातला खरेदीदार चालवू शकतो. एखादा ट्रॅक्टरवाला ते बागोबाग फिरवून भाड्याने देऊ शकतो. प्रत्येकासाठी मशीन थोडं वेगळं होईल. कंपनीला वेग हवा, ट्रॅक्टरवाल्याला चाकं हवीत. गिऱ्हाईक नक्की झालं की अर्धे प्रश्न आपोआप गळतात, आणि ‘आणखी काय काय जोडता येईल’ ही भूल उतरते.

भाची : तुम्ही गिऱ्हाइकाचं नाव मागता, पण पहिलं गिऱ्हाईक मिळणं माझ्या हातात किती आहे? एंड्युरन्सचं उदाहरण तुम्हीच देता ना? 1985 मध्ये इथे ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगची दोन मशीनं टाकून सुरू झाली आणि केवढी वाढली.

मामा : व्हय. दोन मशीनं. आणि त्याच साली वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला.

भाची : आणि एंड्युरन्सवाल्या जैन बंधूंचे मामा होते राहुल बजाज. माझे मामा तुम्ही.

मामा हसतात, पण भाचीने हे हसण्यासाठी म्हटलेलं नाही. मामाचा कारखाना शेजारी असला तरी खराब माल कुणी चाळीस वर्षं घेत नाही, तेव्हा जैनांच्या कर्तबगारीला यातून उणेपणा येत नाही. पण दार कुणासाठी पहिल्या दिवशी उघडतं आणि कुणाला वर्षभर गेटपासवर ताटकळावं लागतं, हा फरक खरा आहे. काम अर्धवट सोडणाऱ्याला आपण धरसोड म्हणतो. त्याला वर्षभर एकही खरेदीदार भेटला नाही, हे आपण विचारात घेत नाही. भाचीच्या या मुद्द्यावर मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.

याच शहरात दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण निर्लेपचं. 1968 मध्ये भोगले घराण्याने न चिकटणारी भांडी काढली, तेव्हा असं भांडं मागणारं गिऱ्हाईक देशात तयार नव्हतं. गिऱ्हाईक तयार करण्याचं कामही उद्योगाच्या पदरी आलं. पुढे ‘निर्लेप’ हे नाव अशा प्रत्येक तव्यालाच चिकटलं, आणि 2018 मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने कंपनी घेण्याचा करार केला, पन्नास वर्षांनी. खरेदीदार आधी आणि कल्पना नंतर, हा मामांचा नियम निर्लेपला लागला नसता. भाची हे मामांना सांगते. मामा त्यावर म्हणतात, “त्यांनी तवा अर्धा करून कढई नव्हती काढली. तव्यालाच गिऱ्हाईक मिळवलं.” इथे मला मामांचं बरोबर वाटतं. कल्पना सोडून द्यायला हरकत नाही, पण सोडण्याआधी तिला निदान एका खऱ्या खरेदीदाराचा तोंडावर नकार मिळालेला असावा. मोसंबीच्या मशीनला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही, कारण ते कुणाला दाखवलेलंच नाही.

मग पैशांचं बोलणं निघतं. भाचीने माहिती काढली आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात महिलेला 35 टक्के अनुदान, स्वतःचा वाटा 5 टक्के. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज करता येतो. उद्योजकता विकास केंद्राचं राज्याचं मुख्यालय याच शहरात आहे. मराठवाड्याच्या उद्योजक संघटनेने सुरू केलेलं ‘मॅजिक’ हे नवउद्योग केंद्रही इथलंच.

मामा : अनुदान हातात पडतं का लगेच?

भाची : नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. युनिट चालू असलं तर कर्जातून वजा होतं.

मामा : हे बरं केलंय सरकारने. पण मशीन पाठवलं आणि पैसे तीन महिन्यांनी आले, तर तेवढे दिवस पोलादवाल्याला काय सांगणार? तुझ्या कॉस्टिंगमध्ये ते धरलंय?

तिने पत्रा, बेअरिंग, मोटर धरली होती. स्वतःची मजुरी धरली नव्हती. मशीन शेतावर बंद पडलं तर जाऊन दुरुस्त करण्याचा खर्च धरला नव्हता. ड्रॉइंगही पूर्ण नव्हतं. रोलरच्या फटीचं माप तिच्या लक्षात होतं आणि वेल्डरच्या हातात होतं. मामा म्हणतात, वेल्डर बदलला की तुझं मशीन बदलेल. हे एक वाक्य प्रत्येक तंत्रनिकेतनाच्या भिंतीवर लिहायला हवं. कागदावर न उतरलेलं माप दुसऱ्या नगात हमखास चुकतं.

एक निरीक्षण इथे नोंदवावंसं वाटतं. सुरुवात करणाऱ्याला हात देणारी व्यवस्था आता बऱ्यापैकी आहे: प्रशिक्षण, कल्पनांच्या स्पर्धा, सादरीकरणं, बीजभांडवल. तिसऱ्या नमुन्याला, पहिल्या बिघाडाला आणि थकलेल्या बिलाला हात देणारी व्यवस्था फारशी दिसत नाही. कायदा आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघू उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. अलीकडे प्राप्तिकरातही तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा करता येतो. पण एकच खरेदीदार असलेला लहान कारखानदार त्याच खरेदीदारावर तक्रार कशी करणार? कागदावरचा हक्क वापरला की पुढची ऑर्डर जाते, ही भीती शेडमध्ये बसलेल्या माणसाला कायद्याहून जवळची असते.

भाची : मग ठरवा. काय करू?

मामा : मी नाही ठरवणार. तारीख तुझी तू सांग.

भाची : आंबिया बहाराची तोड ऑगस्टपासून.

मामा : म्हणजे पोळ्याच्या आत मशीन कुणाच्या तरी मालावर चाललं पाहिजे. आपल्या शेडमध्ये नाही, त्याच्या बागेत, त्याच्या गड्याच्या हातून. तू लांब उभी राहायचं. हात लावायचा नाही.

भाची : आणि चाललं तर?

मामा : चाललं तर लगेच खूश होऊ नको. मृग बहाराला, फेब्रुवारीत, त्याच माणसाने दुसरं मागितलं, नाहीतर त्याच्या शेजाऱ्याने मागितलं, तर झालं म्हण. तोवर वही माझ्या कपाटात.

भाची : वही देते. पण एका अटीवर. त्या माणसाने घेतलं नाही, आणि का घेत नाही ते मला समजलं, तर तुम्ही मला ‘अर्धवट सोडलंस’ म्हणायचं नाही.

मामा : नाही म्हणणार.

भाचीची ही अट मला मामांच्या सगळ्या उपदेशाइतकी महत्त्वाची वाटते. तडीस नेणं म्हणजे दर वेळी यशच असं नाही. कुणाला विकायचं ते ठरलं, वापरणाऱ्याच्या हातात वस्तू दिली, त्याने घेतली किंवा का घेतली नाही ते सांगितलं, की काम पूर्ण झालं. त्यानंतर पऱ्हाट्यांचं यंत्र जरूर करावं. मराठवाड्यात कापूस आहे तोवर त्याची गरज कुठे पळून जात नाही.

चितेगावावरून हाच रस्ता पुढे बिडकीनला जातो. तिथे ऑरिकची औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला, एथरनेही इथे कारखाना ठरवला. या आणि वाळूज-शेंद्र्यातल्या जुन्या कंपन्यांच्या खरेदी विभागांना माझी विनंती आहे: पैठण रस्त्याच्या कडेच्या शेडांमधून आलेला ट्रायल लॉट एकदा मोजून पाहा. नापास केला तर कारण लेखी द्या. पास केला तर बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करा.